लॅटिन वाक्यात कृदन्त अडलं, की काय तपासायचं?

वसईत दर रविवारी दुपारी आमचा लॅटिनचा छोटा वर्ग भरतो. सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरूंच्या प्रशिक्षणसंस्थेत, जायची तयारी करणारी दोन मुलं येतात, वनस्पतिशास्त्राची एक संशोधक येते, कायद्याचा एक विद्यार्थी येतो, आणि लहानपणी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्ये ऐकलेले एक आजोबा न चुकता पहिल्या बाकावर असतात. या सगळ्यांच्या वह्या मी तपासतो. नामांच्या विभक्तींच्या चुका काही महिन्यांत कमी होतात, क्रियापदांच्या वर्षभरात. कृदन्ताची, म्हणजे धातूपासून बनलेल्या विशेषणाची, चूक मात्र आज दुरुस्त करावी तर पुढच्या रविवारी दुसऱ्या पानावर परत हजर. इतक्या वेळा तीच चूक हाताखालून गेली, की ती कुठून शिरते ते आता ठाऊक झालं आहे. तपासण्याचा माझा क्रम इथे लिहून ठेवतो.

उच्चाराबद्दल आधी सांगतो. लॅटिन शब्द मी प्राचीन रोमन उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. चर्चमध्ये 'इ' आणि 'ए' यांच्या आधीचा 'क' हा 'च' होतो, म्हणून तिथे 'क्रुचिफिक्सुस' ऐकू येईल आणि इथे 'क्रुकिफीक्सुस' दिसेल. शब्दाच्या शेवटी 'अ' असेल तर तो संस्कृतात म्हणतो तसा पूर्ण म्हणायचा. हे पुढे फार कामाला येणार आहे.

लक्षणं

तुमच्या वहीत यातलं काही दिसतंय का, पाहा.

- सगळे शब्द कोशात सापडले, अर्थही लिहून झाले, तरी वाक्यात कोणी कोणाला काय केलं ते उलटं होतं.
- 'रेगेन्तिबुस' किंवा 'लातिस' असं रूप समोर आलं की कोशात ते कुठे शोधायचं हेच कळत नाही.
- शेवटी 'उम' दिसलं की हात आपोआप 'नपुंसकलिंग' लिहितो.
- स्त्रीलिंगी नाम पाहून '-न्स'च्या कृदन्ताचं 'अमन्त' असं स्त्रीलिंगी रूप तयार होतं. असं रूप लॅटिनमध्ये नाही.
- मराठीत उतरवताना प्रत्येक कृदन्त 'केलेला' नाहीतर 'करणारा' होऊन बसतं, तिसरा पर्याय सुचतच नाही.
- 'पत्र वाचून राजा हसला' हे लॅटिनमध्ये लिहायला घेतलं की पत्राऐवजी राजाच 'वाचलेला' होतो.

असं झालं की बहुतेक जण कोष्टक पुन्हा पाठ करायला बसतात. मी तसं करू देत नाही. माझ्या अनुभवात कोष्टक चुकलेलं फार कमी वेळा निघतं. राहून गेलेली असतात ती दोन विचारणी: हे कृदन्त कोणत्या नामाचं विशेषण आहे, आणि ज्या धातूपासून ते बनलं त्याची कोशातली चारही रूपं पाहिली का? खालच्या तपासण्या याच दोन प्रश्नांभोवती फिरतात.

पहिली तपासणी: खूण ओळखा (कोश लागत नाही)

लॅटिनमध्ये कृदन्त चार प्रकारची. चारही आपल्या कानांवरून गेलेली आहेत, फक्त त्या नावाने नाहीत.

'न्त' ही वर्तमान कर्तरी कृदन्ताची खूण. 'अमान्स' म्हणजे प्रेम करणारा, करत असलेला. प्रथमा एकवचनात 'न्स' दिसतं, पुढे सगळीकडे 'न्त': अमन्तिस, अमन्तेम, अमन्तेस. आपण रोज म्हणतो तो 'पेशंट' हा 'पतिएन्स, पतिएन्तिस' म्हणजे सोसणारा, आणि 'एजंट' हा 'अगेन्स, अगेन्तिस' म्हणजे करणारा. शेवटचा 'ंट' हाच तो 'न्त'. संस्कृत शिकलेल्यांना हा शतृ प्रत्यय लगेच ओळखू येईल. 'भरन्, भरन्तम्' आणि 'फेरेन्स, फेरेन्तेम' ही एकाच जुन्या मुळाची रूपं आहेत, आणि अर्थही एकच: वाहून नेणारा.

'त' किंवा 'स' ही भूत कर्मणी कृदन्ताची खूण: अमातुस, लेक्तुस, विसुस नव्हे तर दीर्घ ईकाराचं वीसुस. संस्कृतातला क्त तो हाच. 'दत्त' आणि 'दतुस', 'ज्ञात' आणि 'नोतुस', 'युक्त' आणि 'यून्क्तुस' शेजारी शेजारी लिहून पाहा. 'डेटा' हे याच 'दतुस'चं नपुंसकलिंगी अनेकवचन, म्हणजे 'दिलेल्या गोष्टी'.

'तूर' किंवा 'सूर' ही भविष्य कर्तरीची: अमातूरुस, प्रेम करणार असलेला.

'न्द' ही कर्तव्यवाचक कर्मणीची, म्हणजे आपलं 'करायचं': अमन्दुस. अजेंडा म्हणजे 'करायच्या गोष्टी', सरकारी कागदावरचं कॉरिजेंडम म्हणजे 'दुरुस्त करायचं ते', भूमितीतल्या प्रमेयाखालच्या क्यू.ई.डी.मधला शेवटचा शब्द 'देमोन्स्त्रन्दुम' म्हणजे 'सिद्ध करायचं'.

ही तपासणी पहिली ठेवण्याचं कारण, 'न्त' आणि 'न्द' यांची गल्लत. एका अक्षराच्या फरकाने कर्तरीचं कर्मणी होतं. प्रेम करणारा आणि प्रेम करण्याजोगा यांची अदलाबदल झाली तर पुढचं कितीही काळजीपूर्वक केलं तरी वाक्य हाती येत नाही. पेन्सिलीने 'न्त', 'त', 'तूर', 'न्द' यांपैकी जे असेल त्याखाली रेघ ओढा, मग पुढे जा.

दुसरी: देवनागरीत लिहून काढा

छापील लॅटिन मजकुरात स्वरांवर दीर्घत्वाच्या रेघा बहुतेक वेळा नसतात. त्यामुळे 'घेतलेली' या अर्थाचं प्रथमेचं रूप आणि पंचमीचं रूप रोमन लिपीत अगदी सारखं दिसतं. देवनागरीत ते वेगळं पडतं: 'उर्ब्स कप्त एस्त' म्हणजे शहर जिंकलं गेलं, आणि 'उर्बे कप्ता' म्हणजे शहर जिंकल्यावर. ऱ्हस्व 'कप्त' प्रथमा, दीर्घ 'कप्ता' पंचमी.

म्हणून संशय आला की ते तीन-चार शब्द देवनागरीत लिहा आणि शेवटचा स्वर ऱ्हस्व की दीर्घ ते ठरवायला स्वतःला भाग पाडा. ए आणि ओ यांचं ऱ्हस्वदीर्घ देवनागरी दाखवत नाही, पण इथे गोंधळ बहुधा 'अ'चाच असतो. वर्गातल्या संशोधकबाईंच्या अर्ध्याअधिक चुका एवढ्याने गेल्या. त्या वनस्पतींची जुनी वर्णनं वाचतात. १९३५ पासून २०११ च्या अखेरपर्यंत नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये देणं बंधनकारक होतं, तेव्हा त्यांना असा मजकूर ढिगाने वाचावा लागतो.

याच तपासणीत आणखी एक जोडी पाहून घ्या. चौथ्या गणातल्या आणि 'कपिओ'सारख्या धातूंच्या वर्तमान कृदन्तात 'इए' असतं: औदिएन्स, कपिएन्स. मधला 'इ' गाळून 'औदेन्स' लिहिलं तर धातूच बदलतो. 'औदिएन्स' म्हणजे ऐकणारा, 'औदेन्स' म्हणजे धाडस करणारा. आणि 'जाणे' या अर्थाच्या 'एओ'चं कृदन्त प्रथमेत 'इएन्स' असलं तरी पुढे 'एउन्तिस, एउन्तेम' असं चालतं. हे एकच पाठ करून टाका, कारण 'परत जाणारा', 'बाहेर जाणारा' अशी त्याची उपसर्ग लागलेली रूपं पानोपानी भेटतात.

तिसरी: कोशातला चौथा भाग

लॅटिन कोश धातूची चार रूपं देतो: 'अमो, अमारे, अमावी, अमातुम'. भूत कृदन्त आणि भविष्य कृदन्त चौथ्यापासून बनतात. वर्तमान आणि 'न्द'चं कृदन्त वर्तमानाच्या अंगापासून बनतात. ही विभागणी लक्षात राहिली की रूपं बनवण्याचं अर्धं काम संपतं.

अडचण अशी, की चौथं रूप पहिल्यावरून ओळखता येईलच असं नाही. 'रेगो'चं 'रेक्तुम', 'मित्तो'चं 'मिस्सुम', 'फ्रन्गो'चं 'फ्रक्तुम' कानाला पटण्यासारखं आहे. पण 'फेरो, फेर्रे, तुली, लातुम' यात चौथ्याचा पहिल्याशी आवाजाने काहीही संबंध नाही. वहीत 'फेरो'चं भूत कृदन्त 'फेर्तुस' असं लिहिलेलं मी किती वेळा खोडलं असेल! रूप अंदाजाने बनवू नका. कोश उघडा. अर्धा मिनिट लागतो.

कोश उघडल्यावर सारखे दिसणारे दुसरे शब्दही पाहून घ्या. 'लातुस' म्हणजे 'नेलेला', तसंच 'लातुस' हे 'रुंद' या अर्थाचं साधं विशेषण, आणि ऱ्हस्व अकाराचं 'लतुस' हे 'बाजू' या अर्थाचं नपुंसकलिंगी नाम. 'पस्सुस' म्हणजे 'सोसलेला', 'पसरलेला' किंवा 'पाऊल'. तीन वेगवेगळे शब्द, रूप एकच. वाक्य वेडंवाकडं झालं तर आधी हा संशय घ्यावा.

भविष्य कृदन्तात थोडे अपवाद आहेत. 'मेलेला' हा 'मोर्तुउस', पण 'मरणार असलेला' हा 'मोरितूरुस'. 'जन्मलेला' हा 'नातुस', 'जन्माला येणार असलेला' हा 'नास्कितूरुस'. 'मोरितूरी ते सलूतन्त' हे वाक्य अनेकांना माहीत असतं. इ.स. ५२ मध्ये क्लॉडिअस बादशहाने फ्युसिनस सरोवरावर नौकायुद्धाचा खेळ मांडला, तेव्हा त्यात उतरणाऱ्यांनी हे म्हटलं अशी नोंद आहे. 'मरणार असलेले तुला अभिवादन करतात.' तिथे 'मोर्तुई' वाचलं तर मेलेलेच मुजरा करायला लागतात.

चौथी: कोणाचं विशेषण?

इथे थोडा जास्त वेळ द्या. माझ्या मते निम्म्याहून अधिक दोष इथे सुटतात.

कृदन्त हे विशेषण आहे. लिंग, वचन आणि विभक्ती तिन्ही बाबतींत ते कोणत्या तरी नामाशी जुळतंच, ते नाम वाक्यात चार शब्द दूर असलं तरी. त्या नामापर्यंत पेन्सिलीने बाण काढा. बाण काढता आला नाही तर अर्थ लिहू नका.

बाण काढायचा तर रूपावळ हवी. भूत, भविष्य आणि 'न्द'ची कृदन्तं 'उस, अ, उम' अशी, म्हणजे 'बोनुस' या नेहमीच्या विशेषणासारखीच चालतात. तिथे नवं काही शिकायचं नाही. वर्तमान कृदन्त तिसऱ्या गणाप्रमाणे चालतं:

एकवचन: प्रथमा अमान्स, षष्ठी अमन्तिस, चतुर्थी अमन्ती, द्वितीया अमन्तेम (नपुंसकलिंगी अमान्स), पंचमी अमन्ते किंवा अमन्ती.
अनेकवचन: प्रथमा आणि द्वितीया अमन्तेस (नपुंसकलिंगी अमन्तिअ), षष्ठी अमन्तिउम, चतुर्थी आणि पंचमी अमन्तिबुस.

मराठी किंवा संस्कृत डोक्यात असलेल्याला यात एक धक्का आहे. संस्कृतात 'गच्छन्' आणि 'गच्छन्ती', मराठीत 'वाहता' आणि 'वाहती'. लॅटिनमध्ये पुल्लिंग आणि स्त्रीलिंग यांचं रूप एकच, आणि प्रथमा एकवचनात तर नपुंसकलिंगाचंही तेच. वनस्पतींची नावं पाहा: 'रानुन्कुलुस रेपेन्स', 'गिप्सोफिला रेपेन्स', 'त्रिफोलिउम रेपेन्स'. पहिलं नाम पुल्लिंगी, दुसरं स्त्रीलिंगी, तिसरं नपुंसकलिंगी, आणि 'सरपटणारं' हे कृदन्त तिन्ही ठिकाणी जसंच्या तसं. तेव्हा '-न्स' एकटं दिसलं तर त्यावरून लिंग सांगता येत नाही. नामाकडे जावंच लागतं.

पंचमी एकवचनाचं 'ए' की 'ई', हा प्रश्न वर्गात हमखास येतो. कृदन्त खरोखर क्रिया दाखवत असेल तर 'ए': 'सोले ओरिएन्ते', सूर्य उगवत असताना. ते नुसतं गुणवाचक विशेषण झालं असेल तर 'ई': 'सपिएन्ती' म्हणजे शहाण्याने, शहाण्याकडून, जेव्हा पुढे 'माणूस' हे नाम असतं. नाम म्हणून एकटं वापरलं तर परत 'ए'. वाचताना यामुळे फारसं अडत नाही, लिहिताना पाळा.

आता 'उम'ची गोष्ट. आमच्या आजोबांना क्रेदो, म्हणजे मिस्सेत म्हणायची श्रद्धेची प्रार्थना, तोंडपाठ आहे. १९६० च्या दशकात मिस्सा मराठीत येण्याआधी, लहानपणी ऐकून ऐकून बसलेला. 'गेनितुम, नोन फक्तुम' या शब्दांचा अर्थ त्यांनी वहीत 'जन्मलेलं, केलेलं नव्हे' असा लिहिला होता. शेवटी 'उम', म्हणून नपुंसकलिंग. मी म्हटलं, "आजोबा, बाण काढा." त्यांनी बाण मागे मागे नेला: 'नातुम', 'ऊनिगेनितुम', 'फीलिउम', आणि शेवटी 'येसुम क्रीस्तुम'. सगळी द्वितीया, सगळी पुल्लिंगी, 'क्रेदो इन' म्हणजे 'मी विश्वास ठेवतो' याच्यामागे लागलेली. अर्थ झाला 'जन्म दिलेला, घडवलेला नव्हे'. पुल्लिंगी द्वितीया आणि नपुंसकलिंगी प्रथमा-द्वितीया यांचं एकवचन 'उम'च असतं, म्हणून शेवट पाहून लिंग ठरवणं हे घाईचं काम. आजोबा थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "साठ वर्षं म्हणतोय मी हे. कोणाबद्दल म्हणतोय ते आज दिसलं."

त्याच क्रेदोत पुढे 'वीविफिकन्तेम' येतं, जीवन देणारा, पवित्र आत्म्याचं विशेषण. आणि शेवटच्या ओळीत 'वेन्तूरी सैकुली', येणाऱ्या युगाचं. एका प्रार्थनेत तीन प्रकारची कृदन्तं आणि तीन वेगळ्या विभक्ती. सराव करायचा असेल तर याहून चांगला छोटा उतारा मला माहीत नाही.

पाचवी: रूप कर्मणी, अर्थ कर्तरी असा धातू आहे का?

लॅटिनमध्ये काही धातू दिसायला कर्मणी पण अर्थाने कर्तरी असतात. कोशात त्यांचं पहिलंच रूप 'ओर'ने संपतं: 'लोक्वोर' बोलतो, 'सेक्वोर' मागे जातो, 'पतिओर' सोसतो, 'मोरिओर' मरतो. यांचं भूत कृदन्तही कर्तरी अर्थाचं. 'लोकूतुस' म्हणजे 'बोललेला' म्हणजे ज्याने बोलणं केलं तो. ज्याच्याबद्दल बोललं गेलं तो नव्हे.

हे तपासणं का गरजेचं, ते पुन्हा क्रेदोच दाखवतो. 'क्रुकिफीक्सुस', 'पस्सुस' आणि 'सेपुल्तुस एस्त' हे शब्द एकाच वाक्यात येतात. तिन्ही प्रथमा, पुल्लिंगी, एकवचनी, दिसायला सख्खी भावंडं. पण पहिलं आणि तिसरं कर्मणी: क्रुसावर खिळला गेला, पुरला गेला. मधलं 'पस्सुस' हे 'पतिओर'चं, म्हणून कर्तरी: त्याने सोसलं. मारणाऱ्यांनी आणि पुरणाऱ्यांनी जे केलं त्याच्या मधोमध त्याने स्वतः केलेली एकच क्रिया. व्याकरण नीट पाहिलं नाही तर ती दिसतच नाही, आणि मला ती दाखवताना दर वेळी थांबावंसं वाटतं.

या 'पतिओर'चं कुटुंब लक्षात ठेवलं की सगळा प्रकार लक्षात राहतो. वर्तमान कृदन्त 'पतिएन्स', त्यावरून पेशंट. त्यालाच नकार लावला की 'इम्पतिएन्स', न सोसणारं. आपल्या अंगणातल्या तेरड्याचं शास्त्रीय नाव 'इम्पतिएन्स बाल्सामिना' आहे. पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की ते फुटून बिया उडतात, स्पर्श सोसत नाही, म्हणून. भूत कृदन्त 'पस्सुस', ते क्रेदोत.

थोडे धातू अर्धेमुर्धे असतात. 'औदेओ' वर्तमानात साधा कर्तरी, पण भूत कृदन्त 'औसुस', 'धाडस केलेला'. 'गौदेओ'चं 'गावीसुस', आनंदलेला. असे धातू हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

सहावी: काळ कोणाच्या तुलनेत?

नावात 'वर्तमान' आहे म्हणून आत्ताचा काळ नव्हे. 'वीदी पुएल्लम फ्लेन्तेम' म्हणजे 'रडत असलेली मुलगी मी पाहिली'. पाहणं कालचं, रडणंही कालचंच. वर्तमान कृदन्त मुख्य क्रियेच्या वेळी चाललेलं सांगतं, भूत कृदन्त तिच्या आधी झालेलं, भविष्य कृदन्त तिच्यानंतर व्हायचं. मुख्य क्रियापद आधी शोधा, मग कृदन्ताचा काळ ठरवा.

'न्द'चं कृदन्त मात्र मराठी माणसाला फुकट मिळालेलं आहे. 'मिही लिबेर लेगेन्दुस एस्त' म्हणजे मला ग्रंथ वाचायचा आहे. 'मिही एपिस्तुल लेगेन्द एस्त', मला चिठ्ठी वाचायची आहे. 'मिही कर्मेन लेगेन्दुम एस्त', मला काव्य वाचायचं आहे. कर्ता चतुर्थीत, कृदन्त वस्तूच्या लिंगाप्रमाणे. रचना अक्षरशः आपली. इथे इंग्रजीतून विचार करणारे अडखळतात. तुम्ही सरळ मराठीतून करा.

सातवी: 'करून'चा घोटाळा

सगळ्यात अवघड हीच, आणि स्वतः लॅटिन लिहिताना ती बहुतेकांना छळते.

संस्कृतात क्तवतु आहे: 'पठितवान्', वाचलेला म्हणजे ज्याने वाचलं तो. क्त्वा आहे: 'पठित्वा', वाचून. मराठीत तर 'ऊन' लावल्याशिवाय दोन वाक्यं पुढे सरकत नाहीत. लॅटिनमध्ये साध्या सकर्मक धातूला यातलं काहीच नाही. भूतकाळाचं कर्तरी कृदन्त नाही, वर्तमानकाळाचं कर्मणी कृदन्तही नाही. 'लेक्तुस' म्हणजे फक्त 'वाचला गेलेला'. तो राजाला चिकटवला की राजाच वाचला जातो.

मराठीच्या 'लेला'मुळे हा घोटाळा आणखी पक्का होतो. 'गेलेला माणूस' कर्तरी, 'केलेलं काम' कर्मणी, आणि 'जेवलेला माणूस' पुन्हा कर्तरी. आपल्या कानाला तिन्ही सारखी लागतात, म्हणून लॅटिनमध्येही तसंच चालेल असं वाटून जातं.

यावर उतारा आपल्याच शाळेत शिकवलेला आहे: सति सप्तमी. 'सूर्ये अस्तं गते' म्हणजे सूर्य मावळल्यावर. लॅटिन हेच पंचमीत करतं. लॅटिनच्या पंचमीने जुन्या तृतीया आणि सप्तमीची कामंही आपल्याकडे घेतली, म्हणून सप्तमीची जागा तिला मिळाली. तर 'पत्र वाचून राजा हसला' हे होतं 'एपिस्तुला लेक्ता रेक्स रीसित', पत्र वाचलं गेल्यावर राजा हसला. 'पत्र' आणि 'वाचलेलं' दोन्ही पंचमीत, शेवटी दोन्ही दीर्घ, राजा आपला प्रथमेत मोकळा.

दोन गोष्टी तपासा. पंचमीतलं नाम मुख्य वाक्यात कर्ता किंवा कर्म म्हणून परत येता कामा नये. येत असेल तर त्या मुख्य वाक्यातल्या नामालाच कृदन्त जोडा. आणि धातू 'ओर'वाला असेल तर हा सगळा फेरा लागत नाही: 'हैक लोकूतुस अबिइत', हे बोलून तो गेला. तिथे मराठीचं 'ऊन' जसंच्या तसं उतरतं, म्हणून लिहिताना मी विद्यार्थ्यांना आधी असा धातू सापडतो का ते पाहायला सांगतो.

वाचताना उलट अडचण येते: दोन नामं पंचमीत शेजारी, कृदन्त कुठेच नाही. घाबरू नका. 'असणे' या अर्थाच्या 'सुम' धातूला वर्तमान कृदन्तच नाही, त्यामुळे 'अमुक कॉन्सल (रोममधला सर्वोच्च अधिकारी) असताना' यातलं 'असताना' लॅटिनमध्ये मनात धरायचं असतं.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

सातही तपासण्या करून, पेन्सिलीचे बाण काढून, एक तास गेल्यावरही वाक्य उभं राहत नसेल तर ते वाक्य बाजूला ठेवा आणि शिक्षकाला दाखवा. एकाच वाक्यावर दुसरा तास घालवला की माणूस रूपांना हव्या त्या अर्थात कोंबायला लागतो. ती सवय मोडायला महिने जातात.

कविता असेल तर तासाचीही वाट पाहू नका. तिथे वर्तमान कृदन्ताची द्वितीया अनेकवचनी 'अमन्तीस' अशी येऊ शकते. दीर्घत्वाची रेघ छापली नसेल तर ती षष्ठी एकवचनासारखी दिसते. वृत्त मोजता येणारा माणूस दोन मिनिटांत सांगेल.

जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदी वाचत असाल तर फार जपून. बालकासाठी वापरलेला 'इन्फान्स' हा शब्द मुलगा आणि मुलगी दोघांनाही चालतो. मुलगा की मुलगी ते बहुतेकदा फक्त पुढचं कृदन्त सांगतं: 'नातुम' असेल तर मुलगा, 'नातम' असेल तर मुलगी. लेखनिक नेमका हाच शेवट वरची एक आडवी रेघ ओढून संक्षेपाने लिहितात. शाई उडालेली असेल किंवा तो स्वर स्पष्ट दिसत नसेल तर अंदाज करू नका, वंशावळीत चुकीचा माणूस जन्माला येईल. जुनी हस्तलिखितं वाचणाऱ्याकडे मूळ पानाचा नीट काढलेला फोटो पाठवा. शिलालेखांचंही तसंच. तिथे कृदन्तं एक-दोन अक्षरांवर आटोपलेली असतात आणि ती सोडवणं हे व्याकरणाचं काम राहत नाही.

आणि समाधीच्या दगडावर, अंगठीवर किंवा अंगावर लॅटिन ओळ कोरून घ्यायची असेल, तर कोरायच्या आधी दोन जाणकारांना दाखवा, दोघांना वेगवेगळं. मागे एका कुटुंबाने मला समाधीचा फोटो दाखवला होता. आजीच्या नावाखाली 'मोर्तुउस' कोरलेलं होतं, 'मोर्तुअ' हवं होतं. कारागिराने कागदावर दिलं तसं कोरलं, त्याचा दोष काहीच नव्हता. तो दगड अजून तसाच आहे.